गाडी घराबाहेर देण्याबाबत

॥ श्री ॥
मये, डिचोली
दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

नावाच्या आधी काय लिहावं यात थोडा वेळ गेला. हात आपोआप 'चि. सौ.' लिहायला गेला, म्हणून पहिला कागद बाजूला ठेवला. तुला पत्र लिहिण्याची सवय नाही. काही चुकलं तर मनावर घेऊ नकोस.

आम्ही सर्व ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे पावसात फार दुखले, आता कमी आहे. गौरेशला मोपाच्या विमानतळावर पाळीची ड्युटी, त्यामुळे माझा मुलगा घरी केव्हा असतो आणि केव्हा नसतो हे मला कळत नाही. तुझ्या आईची तब्येत बरी असेल.

तुझा मेसेज मिळाला. मला मोबाईलवर एवढं टाईप करता येत नाही आणि फोनवर बोलायचं तर घरात कोणी ना कोणी शेजारी असतं. म्हणून पोस्टानं लिहितो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, जुनी गाडी घेताना काय पाहावं. दुसरी, सिद्धेशच्या वर्षश्राद्धाला आईला घेऊन कुडाळहून कमी खर्चात कसं यावं. दुसरी सोपी आहे म्हणून आधी सांगतो.

कुडाळला पॅसेंजर गाडी पकड आणि थिवीला उतर. स्टेशनबाहेर टॅक्सीवाले विचारतील, त्यांना नाही म्हण, कारण तेवढ्या भाड्यात तुमचा दोघींचा सगळा प्रवास होतो. मोटरसायकलवाले पायलटही असतात, पण आईला मागे बसणं जमायचं नाही. रस्त्यावर येऊन डिचोलीची बस घे. चढण्याआधी कंडक्टरला विचार, कारण म्हापशाला जाणाऱ्या बसही तिथूनच जातात. डिचोलीच्या स्टँडवर मी येईन. पाण्याची बाटली आणि आईला काहीतरी खायला घरूनच आण.

हे लिहिताना मला एक समजलं नाही. तू नऊ वर्षं या घरात सून म्हणून होतीस. मग घरी यायची वाट मला का विचारलीस? नंतर वाटलं, तुला नेहमी सिद्धेशच गाडीनं आणत-नेत होता, तू ट्रेननं कधी आलीच नसशील. तसंच असेल. की पाहुणी म्हणून येते, असं तुला मला सुचवायचं होतं? राहू दे. तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगितलं.

आता गाडीचं. लॅबवाले नोकरी देतात पण गावोगावचे रक्ताचे नमुने आणायला स्वतःची गाडी असली पाहिजे म्हणतात, आणि तीही डिसेंबरच्या आत. त्या भागात बस वेळेवर नसते हे मलाही ठाऊक आहे. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही, असंच ना? तेव्हा घाई होणार, आणि जुन्या गाडीत माणूस घाईतच फसतो.

सावंतवाडीची जी गाडी तुला दाखवतात ती बघायला सकाळी जा. आदल्या दिवशी फोन करून सांग की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज की थंड इंजिन सुरू होताना काहीतरी त्रास देतं आणि ते तुझ्यापासून लपवलं आहे.

सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघ. वरचा भाग सगळे पुसतात, आतला कोणी पुसत नाही. आत चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली आहे. ती फुकट दिली तरी घेऊ नकोस.

वाकून खाली बघ. लाज वाटून घेऊ नकोस. समुद्राकाठी राहिलेली गाडी वरून चकचकीत असते आणि खालून गंजलेली. आमच्या डिचोलीकडच्या गाड्यांत दरवाजाच्या रबरात खाणीची लाल धूळ सापडते, तिची भीती नाही, ती धुतली की जाते. पण खाणीच्या रस्त्यावर चाललेली गाडी खडबडीत रस्त्यावर नेऊन बघावी, काचा वर आणि गाणी बंद करून. खालून खडखड आली तर सोडून दे.

ती गाडी गोव्याच्या नंबरची आहे असं तू लिहिलंस. आधी पर्यटकांना भाड्यानं दिलेली होती का ते कागदावर बघ. नंबरप्लेट नंतर पांढरी करून घेता येते, पण क्लच शंभर जणांनी जाळलेला असतो. कर्ज फिटलं आहे का, दंड थकलेला आहे का, हेही नंबर घालून कळतं, साईश का कोण तुझा मामेभाऊ आहे तो बघून देईल. आणि गोव्याची गाडी कायमची कुडाळला ठेवायची तर ना हरकत दाखला काढून महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. एजंट गोव्याची किंमत सांगतो आणि पुढचं गिळतो. म्हणून स्वस्त वाटते. मूळ कागद हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नकोस, तो कितीही म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक आहे.

चांगली गाडी कशी असावी असं विचारलंस. एकाच हातातली असावी. छपराखाली उभी असलेली. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेली आणि रोज एकाच रस्त्यानं कामावर नेलेली, म्हणजे तिला एक सवय लागलेली असते. अशा गाडीत किरकोळ गोष्टी असतात, त्यांना घाबरायचं नाही. मागच्या डाव्या दरवाजाची काच अर्ध्यावर अडते, हाताचा आधार दिला की वर जाते. ड्रायव्हरची सीट शेवटपर्यंत मागे असेल, ती तुला पुढे घ्यावी लागेल. खटका कडक आहे, डाव्या हातानं खालून ओढायचा आणि त्याच वेळी पायानं रेटायचं. ब्रेक उत्तम आहेत. दोन टायर गेल्या वर्षीच घातलेले. अशी मिळाली तर डोळे झाकून घे.

सध्या एवढंच. आईला नमस्कार सांग.

तुझा,
गुरुदासभाऊ


॥ श्री ॥
मये, डिचोली
दि. १७ ऑक्टोबर २०२५

चि. सायली,
आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. 'भाऊ, सीटचा खटका डाव्या हातानं ओढायचा, हे तुम्ही सावंतवाडीच्या गाडीबद्दल लिहिलंत का?' एवढाच. खाली काही नाही. रागाचं आहे की गमतीचं, मला समजेना. गौरेशला दाखवला तर तो म्हणाला, "बाबा, काकी हसते आहे." मग थोड्या वेळानं म्हणाला, "की रडते आहे? ह्या मोबाईलवर काय कळत नाही."

मी पोस्टात टाकण्याआधी पत्र पुन्हा वाचलं होतं. मला ते दिसलं नाही. मी चांगल्या गाडीचं लिहीत होतो आणि आपल्या पडवीतल्या गाडीचं लिहून बसलो. चार पानं तुला लोकांची गाडी कशी घ्यावी ते सांगितलं आणि सिद्धेशची गाडी इथं उभी आहे हा शब्द काढला नाही. तू तो काढला नव्हतास म्हणून मी काढला नाही, असं म्हणता येईल. पण ते पुरेसं नाही.

काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. तुला राग आला तर तो योग्य असेल की नाही ते मी ठरवू शकत नाही.

गणपतीची चवथ झाल्यावर म्हापशाचा एक एजंट आला. पडव्यांतून उभ्या असलेल्या गाड्या हेरत फिरत होता. "ही कोण चालवीत नाही दिसतं. देता काय?" म्हणाला. मी बघतो म्हटलं. तुझी वहिनी आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "देवाक विचारल्याबगर कितेंच करूं नाकात." तिचं माहेर पेडण्याचं, तिथं कौल लावल्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत.

म्हणून आम्ही देवळात गेलो. तुला कौल माहीत आहे, तरी लिहितो. मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावतात. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. बाबली गुरवानं पाकळ्या लावल्या आणि मला विचारलं, "कितें विचारूं? सारकें सांगा. मागीर म्हाका दोश नाका."

मी म्हटलं, "सिद्धेशची गाडी घराबाहेर द्यावी का, एवढंच विचार."

त्यानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, सिद्धेशालें वाहन घराभायर दिवचें जाल्यार उजवो दी, दिवचें न्हय जाल्यार डावो दी." बराच वेळ काही पडलं नाही. मग डावी पडली. नारळ फोडला, प्रसाद घेतला, घरी आलो. एजंटला नाही म्हणून फोन केला. विषय संपला असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात तुझा मेसेज आला. मी तो मोठ्यानं वाचला, ही माझी चूक की काय कोण जाणे. तुझी वहिनी भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली,

"पळयलें? देवान आदींच सांगिल्लें."

"काय सांगितलं?"

"गाडी घराभायर दिवची न्हय म्हूण."

"तिनं गाडी मागितलेली नाही. सल्ला मागितला आहे."

"सल्लो! पडवेंत गाडी आसतना, गाडी खंयची घेवची म्हूण विचारता. तुमकां कळना?"

"मला नाही कळत."

"तुमकां केन्ना कळ्ळां! ती रावता कुडाळा. कुडाळ म्हळ्यार घराभायर न्हय तर कितें?"

तू कुडाळला राहतेस हे खरं आहे. पण तू घराबाहेर आहेस का? तेराव्यानंतर तू आईकडे गेलीस तेव्हा 'जाते' म्हणालीस की 'येते' म्हणालीस, हे मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. तुला कोणी जा म्हटलं नव्हतं. राहा असंही कोणी म्हटलं नाही. वहिनीला वाटलं तुला जायचं आहे, तुला काय वाटलं ते तू सांगितलं नाहीस, आणि मी पिशव्या उचलून दिल्या.

दोन दिवस हे डोक्यात राहिलं आणि शेवटी मी एकटाच बाबलीकडे गेलो. तो देवळामागे समया घासत होता. मी विचारलं, "बाबली, तू घराबाहेर म्हणालास, ते कोणाला धरून?"

"कोणाक म्हळ्यार? तुमींच सांगिल्लें तशें हांवें म्हळें."

"मी एजंटला मनात धरून सांगितलं होतं."

"मग तसें म्हणपाचें. एजंटाक दिवची काय म्हूण विचारिल्लें आसतें."

"पुन्हा लावता येईल का? नीट शब्द घालून?"

तो घासायचा थांबला. "भाऊ, हो तुमचो खाणीवयलो काटो न्हय, वजन मानवलें ना म्हूण ट्रक परत चडोवपाक." मी इतकी वर्षं ट्रक वजन करण्याच्या काट्यावर काढली, ते तो विसरत नाही. मग स्वतःच विचारात पडला. "एजंटाक धरून विचारलें आनी देवान भावजयेक धरून कौल दिलो, अशें जाता काय? आमच्या बापायक विचारूंक जाय आशिल्लें. तो ना आतां." म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. मी त्याच्याबरोबर थोडा वेळ बसलो आणि परत आलो.

त्यानंतर तुला ते पहिलं पत्र लिहिलं. सल्ला मागितलास तर सल्ला द्यावा, म्हणजे देवाचंही राहील आणि तुझंही होईल, असा माझा हिशेब होता.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. डावी पाकळी पडली तेव्हा मला बरं वाटलं. तेव्हा तुझा मेसेज आलेला नव्हता, तरीही. मी तुझ्या वहिनीचं नाव पुढे करतो, देवाचं करतो, पण गाडी जाऊ नये असं मलाच वाटत होतं. रोज सकाळी मी ती सुरू करतो. घरात सांगतो की बॅटरी उतरू नये म्हणून. ते खोटं नाही, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, टायर एकाच जागी दबतात. पण मी काच खाली करून बाजूला, पायरीवर बसतो. इंजिनचा आवाज ऐकला की वाटतं, सिद्धेश मुरगावला कामावर निघाला आहे, जरा उशीर झालेला आहे आणि आता ओरडेल की भाऊ, गेट उघड. मग मी गाडी बंद करतो. ती मी कधी बाहेर काढलेली नाही. गौरेशला एकदा म्हटलं तू ने, तर तो म्हणाला, "नको बाबा. तिच्यात बसलो की काका बाजूनं 'गियर बदल, गियर बदल' म्हणतात." तो स्कूटरनंच जातो.

तेव्हा गाडी कोणाच्या उपयोगाची नाही. तुझ्या आहे.

आणि काल आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती आधी कशी आली नाही हेच मला कळत नाही. मी डिचोलीला वाहतूक कार्यालयात सहज चौकशीला गेलो होतो, मालक वारल्यावर गाडी कोणाच्या नावावर होते म्हणून. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "बायको आसा?" मी आहे म्हटलं. "मगे तुमी कोण?" मी भाऊ म्हटलं. ती म्हणाली, "मागीर तुमी कित्याक आयल्यात? तिका धाडात."

गोव्यात नवरा-बायकोचं सगळं निम्मं निम्मं असतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. निम्मी गाडी तुझी तेव्हाही होती, राहिलेल्या निम्म्यावरही आता तुझाच हक्क पुढे. मला विचारायचा अधिकारच नव्हता. जी गाडी माझी नाही ती देऊ की नको, असं मी देवाला विचारून आलो. देवानं नको म्हटलं. बरोबरच म्हटलं असेल, दुसऱ्याची गाडी मी कशी देणार? की त्याचा अर्थ वेगळाच होता? हे मी आता शोधायचं सोडलं आहे. पूर्ण सुटलेलं नाही, पण सोडलं आहे.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं की सायली गाडी नेणार. मला वाटलं देवाचं काढेल. ती उठून मागच्या दारी गेली, कोंबड्यांना उगीच हुसकावलं आणि परत आली.

"नेऊं दी. पूण सांगात तिका, नुस्त्याची पोती सिटीर दवरची न्हय. भावोजीक खपनाशिल्लें."

मी म्हटलं, "तूच सांग."

"हांव कित्याक सांगूं? तुमचीं पत्रां चलतात न्हय? बरयात."

म्हणून लिहिलं. मासळीची पिशवी डिकीत, खाली वर्तमानपत्र घालून. ती तुला कसं वागवेल हे मी सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी बहुतेक तोंड फिरवून जेवायला वाढेल. पण काल संध्याकाळी तिनं गाडीच्या आतल्या चटया काढून धुतल्या आणि कुंपणावर वाळत घातल्या. मला पाहून म्हणाली, "धुल्ल जाल्ली."

आता कामाचं. सावंतवाडीच्या माणसाला कळव की गाडी नको. टोकन दिलं नसशील अशी आशा करतो. तू येताना सिद्धेशच्या मृत्यूचा दाखला, लग्नाच्या नोंदणीचा उतारा आणि तुझं आधार आण. आपण दोघं डिचोलीला जाऊ, मी रांगेत उभा राहीन, सह्या तुझ्या लागतील. ना हरकत दाखल्याला काही दिवस जातील, त्यासाठी लॅबवाल्यांना आत्ताच कळवून ठेव की गाडी आहे. खोटं नाही ते.

तुला सराव नाही, हे मला माहीत आहे. सिद्धेशनं तुला तळ्याच्या रस्त्यावर शिकवलं तेव्हा तू एकदा गाडी शेतात घातली होतीस आणि तो हसत घरी आला होता, तू मात्र दोन दिवस बोलली नव्हतीस. वर्षश्राद्धानंतर चार-पाच दिवस राहा. सकाळी रस्ता रिकामा असतो. मी बाजूला बसेन, बोलणार नाही. मला चालवता येत नाही, त्यामुळे बोलण्यासारखं माझ्याकडे काही असणारही नाही. जाताना दोडामार्गावरून बांद्याला निघ, तो रस्ता हायवेपेक्षा शांत आहे. पेट्रोल डिचोलीतच भरून घे, हद्द ओलांडली की महाग.

तू गाडी नेल्यावर सकाळी तिचा आवाज आला नाही की मला काही दिवस चमत्कारिक वाटेल. वाटू दे. ते तुला सांगायची गरज नव्हती, पण लिहिलं गेलं आणि आता पुन्हा कागद बदलत नाही.

ट्रेनचं तिकीट येण्यापुरतंच काढ. परतीचं काढू नकोस.

तुझ्या घरून,
गुरुदास